क्षण बांधून ठेवणारा प्राध्यापक

दुधाचा थेंब दुधावर पडला, की क्षणभर त्याचा एक सुबक मुकुट उभा राहतो आणि मोडतो. आपल्या स्वयंपाकघरात हे रोज घडते. पण डोळ्यांना ते दिसत नाही. हा मुकुट जगाला दाखवला तो हॅरॉल्ड एजर्टन या अमेरिकन प्राध्यापकाने. १९५७ मधले त्यांचे ते रंगीत छायाचित्र मी अनेकदा न्याहाळले आहे आणि दर वेळी मला एकच प्रश्न पडतो : एवढ्या चपळ क्षणाला या माणसाने गाठले कसे?

एजर्टन यांचा जन्म १९०३ चा, नेब्रास्का राज्यातला. छायाचित्रणाचा नाद काकांनी लावला. शिक्षण मात्र विद्युत अभियांत्रिकीचे. १९२६ मध्ये ते एमआयटी या नामांकित संस्थेत आले आणि अखेरपर्यंत तिथलेच होऊन राहिले. विजेच्या मोटरींचा अभ्यास करताना त्यांच्या ध्यानात आले, की दिव्याची उघडझाप मोटरीच्या वेगाशी जुळली, तर गरगर फिरणारी मोटर जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. त्यांच्या पुढल्या साऱ्या आयुष्याचे सूत्र या निरीक्षणात आहे.

कॅमेऱ्याच्या शटरच्या वेगाला मर्यादा होती. एजर्टन यांनी शटरचा नाद सोडला. खोली अंधारी करायची, कॅमेरा उघडा ठेवायचा आणि साठवलेली वीज एकदम मोकळी करून निमिषमात्र लख्ख प्रकाश पाडायचा. तेवढाच क्षण फिल्मवर उमटतो. १९६४ मध्ये त्यांनी सफरचंद भेदून जाणारी गोळी अशीच टिपली. सेकंदाला ८५० मीटरच्या आसपास धावणारी गोळी सेकंदाच्या एक दशलक्षांश भागात एक मिलिमीटरही पुढे सरकत नाही!

पण दिवा नेमका केव्हा पेटायचा? ते काम एजर्टन मायक्रोफोनवर सोपवत. आवाज पोचला, की दिवा पेटे. ध्वनीला एक सेंटिमीटर जायला सुमारे ३० दशलक्षांश सेकंद लागतात. मायक्रोफोन पुढे-मागे सरकवणे म्हणजेच घड्याळ लावणे होते.

हा प्रकाश निव्वळ निरागस मात्र राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे प्रचंड फ्लॅश विमानांतून रात्रीची टेहळणी करू लागले. १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेपूर्वी त्यांचा उपयोग झाला. पुढे अणुचाचण्यांतील अग्निगोल टिपणारे कॅमेरेही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवले. दुधाचा मुकुट आणि अणुस्फोट, दोन्ही एकाच विद्येची लेकरे, हे आठवले की मन अस्वस्थ होते. याच विद्येने त्यांना समुद्रतळाशीही नेले. झाक कुस्तो यांच्या जहाजावर हे प्राध्यापक ‘पापा फ्लॅश’ म्हणून लाडके झाले.

४ जानेवारी १९९० रोजी ते गेले. त्यानंतर रंगमंचावर एलईडी दिव्यांचे राज्य आले. एलईडी स्वतः कमालीचा चपळ. दशलक्षांश सेकंदातही तो उघडझाप करू शकतो. मग एजर्टन यांची किमया आता कुणालाही साधावी? तसे होत नाही. रंगमंचावरच्या दिव्यांना हुकूम पोचवणारी डीएमएक्स ही पद्धत १९८६ ची. तिच्या ५१२ वाटा पूर्ण भरलेल्या असतील, तर प्रत्येक दिव्याला सेकंदात फार तर ४४ वेळा हुकूम मिळतो. दोन हुकुमांत सुमारे २३ सहस्रांश सेकंद जातात. तेवढ्यात ती गोळी १९ मीटर निघून गेलेली असेल!

शिवाय यातले अनेक दिवे मंद होतात ते प्रत्यक्षात झपाझप विझून-पेटून. डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात लेकीच्या नाचाचा फोटो काढावा आणि त्यावर काळे आडवे पट्टे उमटावेत, याचे कारण पुष्कळदा हेच असते. मोबाईल चित्र ओळीओळीने वाचतो. काही ओळी दिवा विझलेला असताना वाचल्या जातात. शटर थोडे संथ ठेवावे किंवा दिवे पूर्ण तेजावर ठेवायला सांगावे, म्हणजे पट्टे बहुधा कमी होतात.

दिवा किती वेगवान आहे एवढ्याने भागत नाही. तो कुणाच्या सांगण्यावरून आणि केव्हा पेटतो, यावर सारे ठरते. एजर्टन यांनी ती वेळ गोळीच्याच आवाजाच्या हाती दिली होती. मला त्यांचे मोठेपण तिथे दिसते.