दहा दिवसांचे बाळ

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव शाळेच्या पुस्तकांपासून आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांच्यावरचे भाषण वक्तृत्व स्पर्धेत एकदाही ऐकले नाही असा विद्यार्थी विरळाच. त्या भाषणांत आगबोट असते, नऊवारी लुगडे असते, पदवीदान समारंभ असतो. दहा दिवसांचे एक बाळ मात्र एका वाक्यात आटोपते. मला हे चरित्र त्या बाळाच्या बाजूने सांगावेसे वाटते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही यमुना. वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न पोस्टखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदी झाली. गोपाळराव बिजवर होते, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा ध्यास होता आणि त्यापायी आनंदीबाईंनी मारही खाल्ला. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. योग्य वैद्यकीय मदत न मिळाल्याने तो अवघ्या दहा दिवसांत गेला. परक्या पुरुषाकडून तपासून घेणे घरंदाज बाईला अशक्य आणि स्त्री डॉक्टर तर अगदी दुर्मिळ, असा तो काळ होता.

विद्या मात्र जगात होती. व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ सालीच दाखवून दिले होते, की डॉक्टरांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुतले तर बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांची संख्या एकदम घटते. पण ते ज्ञान आपल्याकडच्या अंधाऱ्या, धुराने कोंदलेल्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत येणार कोणाच्या पावलांनी?

आमच्या भागात ते किती उशिरा आले, हे मला माझ्या आजीमुळे समजले. जवाहरनगरजवळच्या आमच्या खेड्यात ती रोवणीच्या चिखलातून घरी आली आणि त्याच रात्री बाळंत झाली. सुईणीने विळ्याने नाळ कापली. आठव्या दिवशी बाळाचे अंग ताठ झाले, दूध ओढणे बंद झाले आणि ते गेले. बाहेरची हवा लागली असे सर्वांनी मानले. तो धनुर्वात असावा, हे आजीला इतक्या वर्षांनी मी सांगितले. गरोदर बाईला दिलेली लस आणि नाळ कापायला स्वच्छ पाते, एवढ्याने तो टळतो. नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन भारतात झाल्याचे २०१५ साली मान्य झाले. आजी बराच वेळ काही बोलली नाही.

आनंदीबाईंनी आपले दुःख मुकाट्याने गिळले नाही. आपण स्वतः डॉक्टर व्हायचे, असे त्यांनी ठरवले. समाजातून टीका होऊ लागली तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर सभेत भाषण केले आणि हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे ते सांगितले. एप्रिलमध्ये पतीला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. न्यू जर्सीतील कार्पेंटर बाईंनी त्यांना घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. कडाक्याची थंडी, परके अन्न आणि ढासळती प्रकृती यांच्याशी झगडत ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. प्रबंधासाठी आनंदीबाईंनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला होता. त्यात त्यांनी आयुर्वेदाच्या ग्रंथांचा आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकांचाही आधार घेतला. हा विषय त्या माउलीने का निवडला असेल, हे वेगळे सांगायला नको.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांचा विभाग त्यांच्याकडे सोपवण्याचे ठरले होते. पण मायदेशी परतल्या तेव्हा त्या क्षयाने जर्जर झाल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापुरात एकाही बाळंतिणीची नाडी त्यांच्या हाती आली नाही. ते राहिलेले काम डॉ. रखमाबाईंसारख्या स्त्रियांनी पुढे नेले. लंडनला शिकून आलेल्या रखमाबाईंनी सुरत आणि राजकोट येथे कित्येक वर्षे स्त्रियांची रुग्णालये सांभाळली.

आज माझी ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. तिचे माता-बाल संरक्षण कार्ड घरात मीच वाचून दाखवते, कारण आईला सहीपलीकडे अक्षर येत नाही. महिन्यापूर्वी कार्डावरच्या धोक्याच्या खुणांत हातावर व चेहऱ्यावर सूज, असे वाचले आणि ताईच्या हाताकडे पाहिले. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. गरोदरपणात असे व्हायचेच, असे आईचे म्हणणे. मी हट्टाने ताईला तपासायला नेले तर रक्तदाब वाढलेला निघाला. आता गोळ्या चालू आहेत आणि बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करायचे ठरले आहे.

आईला दवाखान्याची भीती वाटते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे दगावली. ते आमच्या जिल्ह्यातली कोणती आई विसरेल? तिच्या भीतीला मी वेडेपणा म्हणणार नाही. पण घरी राहिल्याने ताईचा रक्तदाब उतरणार नाही, एवढे तिला पटले आहे. दवाखाना दाराशी आला तरी त्यात काय चालते हे पाहणारे, विचारणारे आणि कागद वाचणारे माणूस घरात लागतेच. मुलींनी शिकावे याचे याहून मोठे कारण मला तरी माहीत नाही.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंनी घरी यायचे असते. ताईचे बाळ दहा दिवसांचे होईल तोवर त्या दोनदा येऊन त्याचे वजन करून जातील. ते आकडे मी वहीत लिहून ठेवणार आहे.