वेशीबाहेरचा बाजार

'मॉल' हा शब्द मराठी बोलण्यात रुळला त्याला आता बराच काळ लोटला. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ मध्ये 'क्रॉसरोड्स' उभा राहिला तेव्हा त्याचे अप्रूप होते. पुढे ते ओसरले. मात्र चहूबाजूंनी बंद आणि आतून वातानुकूलित असा हा बाजार ज्यांनी प्रथम प्रत्यक्षात आणला, ते व्हिक्टर ग्रूएन मोटारींचे आणि मोटारींच्या जिवावर पसरणाऱ्या उपनगरांचे कडवे टीकाकार होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. आयुष्याच्या अखेरीस तर त्यांनी या अपत्याचे पितृत्वच नाकारले.

ग्रूएन यांचा जन्म १८ जुलै १९०३ रोजी व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात झाला. मूळ आडनाव ग्रूनबाउम. तेथील कला अकादमीत शिक्षण, पीटर बेहरेन्स यांच्यासारख्या नामवंत वास्तुरचनाकाराच्या हाताखाली उमेदवारी आणि रात्री समाजवादी विचारांच्या राजकीय प्रहसनांत काम असा त्यांचा तरुणपणीचा क्रम होता. दुकानांच्या दर्शनी भागांची सजावट करून त्यांनी थोडेफार नाव मिळवले. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि हे सारे संपले. नाझी गणवेश चढवलेल्या एका मित्राने त्यांना विमानतळावर पोहोचवले. झुरिच, इंग्लंड असा प्रवास करीत ते न्यूयॉर्कला उतरले तेव्हा त्यांच्या खिशात आठ डॉलर होते आणि इंग्रजी जवळजवळ येत नव्हते.

वर्षभरातच फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील चामड्याच्या वस्तूंच्या एका छोट्या दुकानाची त्यांनी केलेली रचना गाजली. पदपथावरून चालणाऱ्याने नकळत थबकावे, आत वळावे, अशी ती होती. ग्राहक हेतू विसरून भटकू लागतो त्या क्षणाला पुढे व्यापारशास्त्रात ग्रूएन यांचेच नाव चिकटले. त्यांना स्वतःला या बिरुदाचा आनंद झाला असता असे वाटत नाही.

१९४१ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले. रस्त्याच्या दुतर्फा मैलोन्‌मैल पसरलेली दुकाने, प्रत्येकापुढे उभ्या मोटारी आणि पायी चालणारा माणूस औषधालाही नाही, हे दृश्य त्यांना असह्य झाले. व्हिएन्नात चौक होते, कॉफीगृहे होती, विनाकारण रेंगाळायला जागा होती. अमेरिकी उपनगरातील एकाकी गृहिणीलाही असा चौक मिळावा, दुकाने हे केवळ त्याचे निमित्त असावे, ही त्यांची मूळ कल्पना. डेट्रॉइटच्या हडसन्स या बड्या दुकानाने ती उचलली आणि १९५४ मध्ये साउथफील्ड येथे 'नॉर्थलँड' उघडले. दोनच वर्षांनी, ८ ऑक्टोबर १९५६ रोजी, मिनियापोलिसजवळच्या इडायना गावात 'साउथडेल' सुरू झाले. कडाक्याच्या थंडीच्या त्या प्रदेशात बारमाही वसंताचा चौक, त्यात झाडे, पक्ष्यांचा भव्य पिंजरा, माशांचे तळे. भोवती दोन मजल्यांवर ७२ दुकाने. बाहेर ५,२०० मोटारींचा वाहनतळ. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले दोन मोठे विक्रेते एकाच छपराखाली आले, हेही नवलच होते.

पण ग्रूएन यांच्या आराखड्यात साउथडेल म्हणजे एवढेच नव्हते. ४६३ एकरांवर घरे, शाळा, दवाखाना, उद्यान, तलाव असे सबंध गाव त्यांनी रेखाटले होते आणि बाजार हे त्याचे केवळ हृदय होते. हृदय बांधले गेले, शरीर मात्र त्या आराखड्याप्रमाणे कधीच घडले नाही. बाजार सुरू होताच भोवतालच्या जमिनीचे भाव चढले, भूखंड विकले गेले आणि ज्याला जे परवडले ते त्याने बांधले. या अपयशाचे कारण वास्तुशास्त्रात शोधून सापडणार नाही. ते जमिनीवरील सार्वजनिक नियंत्रणाच्या अभावात होते. महानगराची हद्द जेथे संपे तेथे दुसरी छोटी नगरपालिका सुरू होई आणि तिला कराचे उत्पन्न हवे असे. डेट्रॉइटने आपल्या मध्यवस्तीची कितीही काळजी वाहिली तरी साउथफील्डमध्ये काय बांधावे हे ठरवण्याचा अधिकार तिला नव्हता. त्यात १९५४ च्या करकायद्याने नव्या इमारतींवर वेगाने घसारा दाखवण्याची सवलत दिली. जुनी पेठ डागडुजी करून राखण्यापेक्षा शेतात नवा मॉल बांधणे गुंतवणूकदाराला फायद्याचे झाले. दोन वर्षांनी महामार्गांचा कायदा आला. मग आणखी काय हवे होते?

ग्रूएन यांनी शहराच्या पोटातही प्रयत्न केले. टेक्सासमधील फोर्ट वर्थसाठी त्यांनी १९५६ मध्ये मध्यवस्ती मोटारमुक्त करणारा आराखडा दिला. भोवती वर्तुळाकार रस्ता, त्याला लागून सहा प्रचंड वाहनतळ, मालवाहतूक जमिनीखालून आणि आत माणसे पायी. आराखड्याचे कौतुक खूप झाले. परंतु खासगी वाहनतळांच्या मालकांनी विरोध केला, महापालिकेला आवश्यक अधिकार देणारा कायदा राज्याच्या विधिमंडळात अडला आणि सारे कागदावर राहिले. १९५९ मध्ये कॅलामाझू या छोट्या शहरातील मुख्य रस्त्याचा काही भाग मात्र वाहनांना बंद झाला. १९६४ मध्ये फ्रेस्नोतही तसे घडले. पण शहराबाहेर मॉल उभे राहतच होते आणि त्यांच्यापुढे एकेका रस्त्याचे सुशोभन तोकडे पडले. फ्रेस्नोचा तो रस्ता २०१७ मध्ये मोटारींना पुन्हा खुला झाला.

१९६८ मध्ये ग्रूएन स्वतःची मोठी कंपनी सोडून व्हिएन्नाला परतले. जुन्या शहराच्या गाभ्यातून वाहतूक हटवण्याची योजना त्यांनी नगर प्रशासनाला दिली. १९७४ मध्ये केर्न्टनर स्ट्रासे पादचाऱ्यांसाठी राखीव झाला, त्यामागे या विचाराचाही वाटा होता. उतारवयातले हे समाधान दोन वर्षे टिकले. १९७६ मध्ये व्हिएन्नाच्या दक्षिण सीमेबाहेर, फ्योझेनडॉर्फच्या हद्दीत, 'शॉपिंग सिटी स्यूड' हा अवाढव्य मॉल उघडला. फ्योझेनडॉर्फ लोअर ऑस्ट्रिया या वेगळ्या प्रांतात मोडते. त्यामुळे व्हिएन्नाचे नियोजन खाते हात चोळत बसण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. डेट्रॉइटची कहाणी आता ग्रूएन यांच्या जन्मगावाच्या वेशीवर आली होती. शहरातील लहान दुकानदारांच्या भवितव्याची चिंता ते उघडपणे बोलून दाखवू लागले.

युरोपात काही सरकारे एव्हाना जागी झाली होती. फ्रान्सने १९७३ च्या रॉयेर कायद्यान्वये ठरावीक क्षेत्रफळाहून मोठ्या दुकानांना विशेष आयोगाची परवानगी सक्तीची केली. लहान गावांसाठी ही मर्यादा १,००० चौरस मीटर विक्रीक्षेत्र अशी होती. पश्चिम जर्मनीने १९७७ मध्ये मोठी विक्री केंद्रे फक्त शहराच्या गाभ्यात किंवा त्यासाठी खास आखलेल्या क्षेत्रातच चालतील, असा नियम केला. ब्रिटनला मात्र यास १९९६ उजाडले: आधी मध्यवस्तीत जागा शोधा, नाही मिळाली तर तिच्या कडेला आणि तेथेही नसेल तरच गावाबाहेर, हा क्रम तेव्हा धोरणात नीट बसवला गेला. वास्तुरचनाकाराच्या सदिच्छेने जे साधले नाही ते अशा रुक्ष नियमांवर सोपवावे लागले.

१९७८ मध्ये लंडनमध्ये केलेल्या भाषणात ग्रूएन यांनी विकसकांनी आपल्या कल्पनेतील फायद्याचा तेवढा भाग उचलला, असा आरोप करून या बाजारांशी असलेले नाते जाहीरपणे तोडले. १४ फेब्रुवारी १९८० रोजी व्हिएन्नात त्यांचे निधन झाले. डेट्रॉइटच्या मध्यवस्तीतील हडसन्सचे भव्य दुकान १९८३ मध्ये बंद पडले आणि १९९८ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले. ज्याने त्याचे ग्राहक ओढून नेले, त्या नॉर्थलँडलाही २०१५ मध्ये टाळे लागले. फ्योझेनडॉर्फचा मॉल मात्र पुढे वाढतच गेला.