फिरकीचे बहाद्दर बाळू पालवणकर

आपल्या सोसायटीतल्या कोणत्याही मुलाला विचारा, कसोटीत खोऱ्याने बळी कुणी घेतले? उत्तर तयार असतं. मुरलीधरन 800, शेन वॉर्न 708, आपला अनिल कुंबळे 619, अश्विन 537. चौघंही फिरकी गोलंदाज. पण या यादीत नसलेलं आणि तरीही भारतीय फिरकीच्या अगदी मुळाशी असलेलं एक नाव आहे. ते आपल्या जिल्ह्याचं आहे, आणि आपल्याच मुलांना ते माहीत नाही. म्हणून रौप्यमहोत्सवी अंकात बाळू पालवणकरांविषयी चार शब्द.

पालवणकर कुटुंबाचं मूळ गाव पालवण, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं. पोटासाठी घाट चढून गेलेल्या असंख्य कोकणी घरांपैकी हे एक. वडील लष्करात नोकरीला. बाळूंचा जन्म 19 मार्च 1876 चा, धारवाडचा. पुढे कुटुंब पुण्यात होतं. लष्करातल्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. घर चर्मकार समाजाचं. त्या काळात याचा अर्थ काय होता, हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागेल.

पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचं, रोलर फिरवायचा, सभासदांना अधूनमधून चेंडू टाकायचे. पगार महिना 3 रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले, तिथे 4 रुपये. खेळपट्टी तयार करायची, जाळ्या लावायच्या, टेनिसच्या कोर्टावर रेषा मारायच्या. एका साहेबाने त्यांना जाळीत गोलंदाजी करायला सांगितलं आणि तिथून त्यांचं नशीब फिरलं. डावखुरी, संथ, हुशार फिरकी. चेंडूला उंची देऊन फलंदाजाला पुढे ओढायचं, वेग कमीजास्त करून चकवायचं, आणि दिवसभर टाकलं तरी टप्पा चुकायचा नाही.

क्लबातला सगळ्यात तगडा फलंदाज कॅप्टन ग्रेग. हा साहेब इतरांच्या तासभर आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करायचा, आणि बाद झाला की दरवेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. पगार महिन्याला चार रुपये असताना हिशेब तुम्हीच करा! पण एक गोष्ट लक्षात घ्या. एवढी वर्षं या साहेबांना चेंडू टाकले, तरी फलंदाजीची संधी बाळूंना तिथे मिळाली नाही. बॅट धरायची ती साहेबांनी, चेंडू टाकायचा तो नोकराने, अशी रीत होती.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचं होतं. गावातला सर्वोत्तम गोलंदाज समोर दिसत होता, पण त्याला घ्यायचं की नाही यावर वाद झाला. शेवटी घेतलं. मैदानात सगळ्यांचा चेंडू एकच, त्याला विटाळ नव्हता. पण चहाच्या सुट्टीत इतर खेळाडू आत बसून कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळायचा. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागाही वेगळी. हात धुवायला पाणी लागलं तर तेही त्यांच्यासारख्याच अस्पृश्य नोकराने आणून द्यायचं. आणि पुन्हा मैदानात उतरून याच सोबत्यांसाठी बळी घ्यायचे!

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध त्यांनी 7 बळी घेतले आणि पुणेकरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर समारंभात खेळाडूंचे कान टोचले. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, अशा अर्थाचं ते बोलले. हळूहळू पंगतीतलं अंतर कमी झालं. व्याख्यानांनी जे झालं नसतं, ते चेंडूने थोडंफार केलं म्हणायचं.

पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला आले. तिथेही हिंदू जिमखान्यात घेण्यावरून कुरबुर झाली, पण कर्णधार कीर्तिकरांनी आग्रह धरला. रेल्वेत नोकरीही मिळाली. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू संघ मुंबईत युरोपियनांविरुद्ध उतरला. हिंदूंच्या 242 आणि 160, युरोपियनांच्या 191 आणि 102. म्हणजे 109 धावांनी विजय. बाळू आणि शिवराम दोघंही संघात होते आणि दुसऱ्या डावात गोऱ्यांची दाणादाण उडवण्यात बाळूंचा मोठा वाटा होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं, याचा आनंद देशभर झाला.

आता इंग्लंडचा दौरा. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेला गेला. संघात हिंदू, मुसलमान, पारशी, शीख सगळे. एकूण 23 सामन्यांत 6 जिंकले, 15 हरले. म्हणजे दौरा तसा पडकाच. पण या पडत्या संघात 35 वर्षांचे बाळू एकटे किल्ला लढवत होते. सगळे सामने धरून 114 बळी, सरासरी 18.84. त्यातले प्रथम श्रेणीचे 75. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत 8. लीस्टरशायरविरुद्ध पहिल्या डावात 5, दुसऱ्या डावात 6 आणि सामना खिशात. खांदा दुखत असताना ही कामगिरी, तीही परक्या हवेत, परक्या खेळपट्ट्यांवर. सॉमरसेटवरचा विजय शिवरामच्या नाबाद शतकामुळे मिळाला. म्हणजे त्या दौऱ्यातले काउंटी संघांवरचे दोन्ही विजय एकाच घरातले म्हणा ना! परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांना त्यांच्याविषयी अभिमान वाटायचा.

भारताचा पहिला कसोटी सामना 1932 चा. तोवर बाळू 56 वर्षांचे झाले होते. त्यामुळे कसोटी बळींच्या रकान्यात त्यांच्यापुढे शून्य आहे. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत मात्र 179 बळी, सरासरी अवघी 15.21.

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. वर्षानुवर्षं मागणी झाली. कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनीही हा मान बाळूंचा होता, असं मोकळ्या मनाने कबूल केलं. तरी निवड समितीचं मन काही वळलं नाही. 1920 साली तर बाळूंना संघातूनच वगळलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोन भावांनी जाहीर निषेध करून संघ सोडला. गाजावाजा झाला, तडजोड निघाली. पुढच्या सामन्यात पै कर्णधार, बाळू उपकर्णधार. पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरतं नेतृत्व 44 वर्षांच्या बाळूंच्या हाती आलं. 1923 साली विठ्ठल रीतसर कर्णधार झाला, संघाने युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेऊन मिरवलं. थोरल्याने पेरलं, धाकट्याच्या ओंजळीत आलं.

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक कामात उतरले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. डॉ. आंबेडकरांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. एकेकाळी ज्या तरुणाला त्यांचं कौतुक वाटायचं, त्याच्यासमोरच त्यांना उभं राहावं लागलं आणि हार पत्करावी लागली. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आपली पोफळी म्हणजे विजेच्या कामासाठी ठिकठिकाणाहून आलेल्या माणसांचं गाव. पंचवीस वर्षं आपण एका टाकीचं पाणी पितो, गणपतीला एका पंगतीत जेवतो. यात विशेष ते काय, असं कुणालाही वाटेल. बाळूंच्या आयुष्यात ते फार विशेष होतं. त्यासाठी त्यांना आधी सात-सात बळी घेऊन दाखवावे लागले. कुणालाही पंगतीत बसण्यासाठी आधी बळी मोजून दाखवावे लागू नयेत, एवढं जरी आपल्या मुलांनी या आयुष्यातून घेतलं तरी पुष्कळ झालं. आणि हो, मैदानावर डावऱ्या हाताने चेंडू वळवणारं एखादं पोर दिसलं, तर त्याला पालवणच्या बाळूंची गोष्ट जरूर सांगा.