घोट्याचं ‘रिवायरिंग’ करणारे डॉ. पॉल ब्रँड

सेन्सर, स्मार्टवॉच यांबद्दल मी इथे नेहमी लिहितो. आज एका सर्जनची गोष्ट सांगतो, कारण सेन्सरचं खरं काम मला त्यांच्यामुळे कळलं.

पॉल ब्रँड १९१४ मध्ये तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईवडिलांच्या घरी जन्मले. नवव्या वर्षी ते शाळेसाठी इंग्लंडला गेले. तिथे आधी बांधकाम आणि सुतारकाम शिकले, मग डॉक्टर झाले. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले.

पुढच्याच वर्षी चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग केंद्रात त्यांनी एका रुग्णाशी हात मिळवला. बोटं आखडलेली, पण पकड एवढी जोरदार की ब्रँडनाच कळ आली. म्हणजे सगळे स्नायू गेलेले नव्हते. मग चालू स्नायूचं काम बदलून दिलं तर?

घोट्याचं उदाहरण घ्या. कुष्ठरोगात गुडघ्याजवळची नस निकामी झाली, की पाऊल वर उचलणारे स्नायू लुळे पडतात आणि पाऊल लोंबतं. पण पोटरीतला एक खोल स्नायू बहुतेक वेळा शाबूत असतो. त्याचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, पावलाच्या आतल्या बाजूने सोडवून पुढे आणतात आणि वरच्या बाजूला शिवतात. आता तोच स्नायू पाऊल उचलतो. वेल्लोरला अशा शस्त्रक्रिया झाल्या.

दोरी अपुरी पडली तर? तिथे ग्राफ्ट येतो. पोटरीतून टाचेकडे जाणारा प्लँटारिस नावाचा बारीक टेंडन काढला तरी चालण्यात फरक पडत नाही. ब्रँडनी त्याच्या चार शेपट्या करून लुळ्या बोटांना जोडल्या. मग प्लास्टर आणि व्यायाम, कारण नवं काम मेंदूलाही शिकावं लागतं.

पण एक अडचण उरलीच. हातपाय हलायला लागले, तरी त्यांना दुखणं कळत नव्हतं. दुरुस्त झालेल्या पायालाही खिळा टोचायचा, जखम चिघळायची, आणि माणूस तसाच चालत राहायचा.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत, लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांच्या टीमने सेन्सर लावलेले हातमोजे आणि मोजे बनवले. दाब वाढला की आवाज, दिवा, शेवटी विजेचा झटकासुद्धा. तरीही प्रयोग फसला. काम अडलं की रुग्ण सिस्टीमच बंद करायचे! खरं दुखणं असं म्यूट करता येत नाही, आणि तेच आपल्याला वाचवतं.

ब्रँड २००३ मध्ये गेले. बधिर पायांबद्दल त्यांनी जे शिकवलं, ते आज मधुमेहाच्या रुग्णांनाही उपयोगी पडतं. घरात कुणाला मधुमेह असेल, तर रोज त्यांचे तळवे बघा. त्यांना वाकायला जमत नसेल, तर फोनच्या कॅमेऱ्यावर तळवा दाखवा. जखम दुखत नसली तरी डॉक्टरांकडे न्या.