महर्षींची १०४ वर्षे

ज्या वयात सामान्य नोकरदार निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडू लागतो, त्या ५८ व्या वर्षी, १९१६ साली, धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. ७१ व्या वर्षी ते जगाच्या प्रवासास निघाले, ७८ व्या वर्षी त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि ८६ व्या वर्षी समता संघ. शंभरीत, १९५८ साली, भारतरत्न लाभले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले.

या दीर्घायुष्याचे श्रेय साध्या राहणीला व चालण्याला देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती निराधार नाही. १८७५ साली परीक्षेसाठी ते कोकणातील मुरुडहून घाट चढून साताऱ्यास पायी गेले. मात्र वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले! पुढे प्लेगच्या दिवसांत, १९०० साली, अनाथ बालिकाश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून झाले की अण्णा पावसाचिखलातून तेथवर पायी जात.

मग रक्ताचा वाटा किती? जुळ्या भावंडांच्या १९९६ सालच्या डॅनिश अभ्यासाने तो सुमारे एक-चतुर्थांश ठरविला. अर्थात हे प्रमाण समाजातील आयुर्मानाच्या फरकाचे आहे; एका माणसाच्या वर्षांची अशी वाटणी करता येत नाही. अण्णांचे ज्येष्ठ पुत्र, संततिनियमनाचे झुंजार प्रचारक रघुनाथराव, १९५३ साली ७१ व्या वर्षी वारले. वडील तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. अतिवृद्धत्वात आनुवंशिकतेचे वजन वाढते असे शास्त्रज्ञ मानतात. पण तो वारसा प्रत्येक अपत्याला सारखा मिळत नाही.

तथापि रक्त आणि राहणी यांचा हा वाद जगलेल्यांपुरताच आहे. १९०१ ते १९११ या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान २३ वर्षांच्या आसपास होते. ही सरासरी मुख्यतः बालमृत्यूंनी खाली ओढली होती हे खरे. परंतु तरुणपणीही मृत्यू दूर नसे. अण्णांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ साली, वयाची तिशी गाठण्याआधीच गेल्या. त्यांच्या घरातली राहणी पतीहून काही निराळी नव्हती. त्यांच्या रक्तात किती वर्षे लिहिलेली होती, हे कळण्याची संधीच त्या काळाने ठेवली नाही.