संगीतभक्त आबे फ्रान्झ लिस्ट यांचे अल्पचरित्र

कोणत्याही धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे मंदिराच्या भिंती कोणी उभारल्या, घंटा कोणी अर्पण केली, पहिले धर्मगुरू कोण होते, ह्या गोष्टींचे स्मरण प्रथम होते. आणि ते यथायोग्यच आहे. परंतु ज्या चालींच्या आधाराने आपल्या वाडवडिलांनी देवाची स्तुती केली, त्या चालींचेही ऋण आपल्यावर थोडे नाही. एखादे जुने स्तुतिगीत कोणी न गाता नुसते पियानोवर वाजवू लागला, की ऐकणाराच्या मनात त्याचे शब्द आपोआप उभे राहतात, हा अनुभव पुष्कळांस असेल. मात्र तेथे एक शंका उत्पन्न होते. शब्द गेल्यावर जे उरते, तीस प्रार्थना म्हणावी की केवळ कानांची करमणूक? ह्या शंकेचा निकाल वादविवादाने लागण्यासारखा नाही. ज्याने ही दोन्ही टोके स्वतःच्या आयुष्यात अनुभवली, अशा पुरुषाचे चरित्र पाहणे हाच त्यास बरा मार्ग होय. हंगेरीचे जगद्विख्यात पियानोवादक आबे फ्रान्झ लिस्ट हे असे पुरुष होते. त्यांचा अल्प परिचय वाचकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

लिस्ट यांचा जन्म २२ ऑक्टोबर १८११ रोजी हंगेरीच्या राज्यातील रायडिंग ह्या खेड्यात झाला. हे गाव आज ऑस्ट्रिया देशात मोडते. वडील आडाम लिस्ट हे एस्टरहाझी नामक सरदार घराण्याच्या जहागिरीवर कारभारी होते. तरुणपणी ते सुमारे दोन वर्षे फ्रान्सिस्कन मठात उमेदवार म्हणून राहिले होते. मठ सुटला, तरी त्या संघाविषयीचा जिव्हाळा सुटला नाही. आणि मुलाचा बाप्तिस्मा झाला तो फ्रान्सिस ह्याच नावाने. पियानोचे पहिले धडे मुलाला वडिलांनीच दिले. १८२० साली, नऊ वर्षांच्या वयात, प्रेसबर्ग येथे त्याचे वादन ऐकून काही हंगेरियन सरदारांनी त्याच्या शिक्षणासाठी सहा वर्षे वार्षिक वेतन देण्याचे कबूल केले. पुढे व्हिएन्ना शहरी चेर्नी यांजजवळ पियानोचे व सालिएरी यांजजवळ संगीतरचनेचे शिक्षण घेऊन हा बालवादक १८२३ च्या अखेरीस पॅरिसला पोहोचला.

१८२७ च्या ऑगस्टमध्ये वडील विषमज्वराने निवर्तले. सोळा वर्षेही पुरी न झालेल्या मुलावर आईच्या पोषणाचा भार पडला, आणि तो पॅरिसमध्ये घरोघरी शिकवण्या करू लागला. त्यातच एका शिष्येवर त्याचे मन जडले. पण मुलगी उमरावाची, शिक्षक गरीब, तेव्हा तिच्या पित्याने ते प्रकरण तेथेच तोडले. त्या दुःखाने तो इतका खचला, की १८२८ साली पॅरिसच्या एका वर्तमानपत्राने त्याच्या मृत्यूची बातमीदेखील छापून टाकली! ह्याच दिवसांत त्याने धर्मगुरू होण्याचा हट्ट धरला होता. आईने व त्याचा पापनिवेदनाचा विधी ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी त्यास परावृत्त केले. ती इच्छा मात्र विझली नाही. राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे ती पुढे जवळजवळ चाळीस वर्षे धुमसत राहिली.

१८३२ मध्ये पागानिनी ह्या अद्भुत व्हायोलिनवादकाचे वादन ऐकून लिस्ट यांनी पियानोवर तसेच प्रभुत्व मिळविण्याचा निश्चय केला, आणि तो तडीस नेला. १८३९ पासून १८४७ पर्यंत त्यांनी युरोप खंड पालथे घातले. तोवर जाहीर जलशात गायक व इतर वादक मिळून कार्यक्रम करीत असत. एकट्याने पियानोपुढे बसून सारी सभा धरून ठेवण्याचा प्रघात मुख्यतः लिस्ट यांनीच पाडला, आणि अशा वादनास रिसायटल हे नाव १८४० साली लंडन येथील त्यांच्या कार्यक्रमांपासून मिळाले. बर्लिन येथे १८४१-४२ च्या हिवाळ्यात दहा आठवड्यांत त्यांचे २१ जलसे झाले. त्यांच्या हातमोज्यांसाठी व रुमालांसाठी श्रोत्यांत झोंबाझोंबी होई. मिळालेले द्रव्य त्यांनी सढळ हाताने वाटले. १८३८ साली डॅन्यूब नदीच्या पुराने पेस्ट शहर बुडाले, तेव्हा पीडितांसाठी त्यांनी व्हिएन्नात जलसे केले. बॉन येथील बेथोव्हेन यांच्या स्मारकासही मोठा हातभार लावला.

परंतु खऱ्या चरित्रात उणीवही सांगितली पाहिजे. ह्याच काळात ते मारी दागू ह्या विवाहित सरदारस्त्रीबरोबर विवाहाबाहेर राहिले, आणि त्यांस तीन अपत्ये झाली. कीर्तीच्या शिखरावर उभ्या असलेल्या ह्या माणसाचे अंतःकरण स्वस्थ नव्हते. हातांत जादू होती. पण ते हात कोणाच्या सेवेत आहेत, ह्याचे समाधानकारक उत्तर त्यांजपाशी नव्हते.

१८४७ च्या सप्टेंबरात, वयाला छत्तीस वर्षेही पूर्ण झाली नसता, त्यांनी धंदेवाईक जलसे बंद केले. त्यापुढील ३९ वर्षांत स्वतःच्या कमाईसाठी ते पुन्हा व्यासपीठावर बसले नाहीत. जर्मनीतील वायमार येथे राहून त्यांनी रचनेस वाहून घेतले, आणि १८५३ साली दहा पियानोरचनांचा एक धार्मिक संग्रह प्रसिद्ध केला. त्यात नमो मरिया आहे, प्रभूची प्रार्थना आहे, अनुतापाचे स्तोत्रही आहे. विशेष हे, की वाजविणाराने केवळ सूर न पाहता प्रार्थनाही मनात म्हणावी म्हणून काही ठिकाणी लॅटिन शब्द स्वरलिपीलगत छापले आहेत.

येथे पियानोचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. गायकाचा सूर श्वास असेतो टिकतो, ऑर्गनचा सूर पट्टी दाबलेली असेतो टिकतो. परंतु पियानोत लहानशी हातोडी तारेवर आपटते आणि सूर जन्मताच क्षीण होऊ लागतो. अशा मरत्या सुरांतून अखंड भजनाचा भास निर्माण करणे हे मोठे कठीण काम. मागील सूर विरण्यापूर्वी पुढील सूर त्यात मिसळावा, पायाच्या पेडलने तारा मोकळ्या ठेवून नाद साठवावा, अशा युक्तींनी लिस्ट यांनी पियानोस गावयास लाविले. तरी उरलेली उणीव ऐकणाराच्या स्मरणाने भरून निघते. सूर थांबतो, आणि शब्द आपण मनात पुरा करतो.

ह्यानंतरच्या वर्षांत आघातांमागून आघात आले. १८५९ च्या डिसेंबरात एकुलता एक मुलगा डानिएल विसाव्या वर्षी गेला. १८४७ पासून लिस्ट यांची कारोलिन विट्गेनश्टाइन ह्या राजघराण्यातील बाईशी गाठ पडली होती. तिचा पूर्वीचा विवाह रद्द ठरवून घेण्याची खटपट वर्षानुवर्षे चालली होती. अखेर २२ ऑक्टोबर १८६१ रोजी, लिस्ट यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी, रोम येथे उभयतांचा विवाह व्हावयाचा होता. पण ऐन आदल्या रात्री हरकत निघाली आणि विवाह राहिला. पुढे अडचण दूर झाली, तरी त्यांनी तो केला नाही. १८६२ च्या सप्टेंबरात वडील मुलगी ब्लांडीन सव्वीस वर्षांची असता वारली.

१८६३ च्या जून महिन्यात लिस्ट रोमजवळील मारिओ टेकडीवरच्या माळेच्या मातेच्या मठात राहावयास गेले. लहानशी खोली, साधे सामान आणि एक छोटा पियानो, एवढाच संसार. त्या पियानोचा एक सूर वाजतच नसे! ज्यांच्यापुढे राजेरजवाडे उत्तमोत्तम वाद्ये आणून ठेवीत, त्यांना आता हा लंगडा पियानो पुरे वाटला. ११ जुलै १८६३ रोजी नववे पायस पोपमहाराज स्वतः त्या मठात आले, आणि लिस्ट यांनी त्यांस तेथे हार्मोनियम व पियानो वाजवून दाखविला. ह्याच वर्षी पक्ष्यांस उपदेश करणारे असिसीचे संत फ्रान्सिस आणि लाटांवरून चालत जाणारे पाओलाचे संत फ्रान्सिस ह्यांवर त्यांनी दोन पियानोरचना केल्या. पहिलीत किलबिल आधी ऐकू येते, मग संतांचा शांत शब्द. दुसरीत खवळलेल्या पाण्यावरून एक गंभीर चाल न डगमगता पुढे जाते.

आदल्या वर्षी, १८६२ मध्ये, त्यांनी मोझार्ट यांचे पवित्र शरीराचे स्तोत्र पियानोसाठी घेतले होते, आणि आर्काडेल्ट ह्या जुन्या संगीतकाराच्या नावावर चालणारे नमो मरियाही. ह्या दुसऱ्या गीताची कथा बोधप्रद आहे. आर्काडेल्ट यांनी मुळात एक प्रापंचिक गाणे रचिले होते. त्यावर मरियेचे शब्द बसविले ते १८४२ साली दीच ह्या फ्रेंच संगीतकाराने. रस्त्यावरचे सूर मंदिरात आले, ते आजतागायत भक्तांच्या ओठी आहेत.

२५ एप्रिल १८६५ रोजी लिस्ट यांचा मुंडनविधी झाला, आणि त्याच जुलैमध्ये त्यांनी द्वारपाल, वाचक, भूतोच्चाटक व वेदीसेवक ही त्या काळची चार कनिष्ठ पदे स्वीकारली. ते धर्मगुरू झाले नाहीत. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्यांस नव्हता. तथापि लोक त्यांस आबे म्हणू लागले, आणि काळ्या झग्याची थट्टाही भरपूर झाली. पूर्वीच्या मोहांचा मनुष्य, ह्याचे हे नवे सोंग, असे म्हणणारे पुष्कळ होते. माणसाचे अंतर्याम देव जाणे. आम्ही त्याचा न्याय करू शकत नाही. परंतु टाळ्या व द्रव्य मिळण्याची आशा नसता मनुष्य काय करतो, हे पाहून अनुमान काढता येते. १८६९ पासून ते रोम, वायमार व बुडापेस्ट अशा तीन ठिकाणी पाळीपाळीने राहिले. १८७५ साली बुडापेस्ट येथे संगीत विद्यालय निघाले, त्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. देशोदेशींच्या शिष्यांस त्यांनी एक पैही न घेता शिकविले.

ह्या उतारवयातील त्यांची थोर कृती म्हणजे क्रूसाची वाट. १८७९ साली पूर्ण झालेल्या ह्या रचनेचे गायनवृंद व ऑर्गन यांसाठी एक रूप आहे आणि केवळ पियानोसाठीही आहे. आरंभी वेक्सिला रेजिस हे सहाव्या शतकातील कवी फोर्तुनातुस यांचे क्रूसस्तोत्र येते. प्रभू तीन वेळा पडतात, त्या तिन्ही वेळा क्रूसाखाली उभ्या असलेल्या मातेच्या शोकगीताचे सूर ऐकू येतात. मातापुत्रांची भेट होते, त्या चौथ्या स्थानी मात्र गायनवृंद सर्वस्वी मुका आहे. तेथे शब्द नाहीतच. जे सांगावयाचे ते वाद्यच सांगते. संत वेरोनिकेच्या स्थानी काट्यांच्या मुकुटाने रक्ताळलेल्या मस्तकाविषयीचे जर्मन स्तुतिगीत येते. त्याची चालही १६०१ मध्ये हासलर यांनी रचिलेल्या एका प्रेमगीताची होय. ज्यांच्या बोटांत पूर्वी वादळ मावत नव्हते, त्यांनी येथे थोडकेच सूर ठेविले आहेत, आणि सुरांइतकेच मौनालाही स्थान दिले आहे.

ह्या रचनेस प्रकाशक मिळाला नाही. धार्मिक संगीत छापणाऱ्या पुस्टेट ह्या नामांकित पेढीने तीस नकार दिला. लिस्ट यांनी ती सभेत कधी ऐकली नाही. तरी त्यांचे काम थांबले नाही. त्याच सुमारास कार्डिनल होएनलोहे यांच्यासाठी त्यांनी जुन्या धर्मगीतांच्या चाली पियानोकरिता अगदी साधेपणाने मांडल्या, आणि त्यांत कॅथलिक स्तोत्रांशेजारी ल्युथरपंथीयांची गीतेही बसविली. ३१ जुलै १८८६ रोजी बायरॉइट येथे न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला, व तेथेच त्यांस मूठमाती मिळाली. क्रूसाची वाट बुडापेस्ट येथे प्रथम गाइली गेली ती १९२९ च्या शुभ शुक्रवारी, म्हणजे रचना पुरी झाल्यावर पन्नास वर्षांनी.

आता आरंभीच्या शंकेकडे वळू. २२ नोव्हेंबर १९०३ च्या आज्ञापत्रात दहावे पायस पोपमहाराजांनी मंदिरात पियानो वाजविण्यास मनाई केली होती. म्हणजे पियानोवरील स्तुतिगीताचे जन्मस्थान घर होय. दिवेलागणीची वेळ, आजाऱ्याची खोली, ज्याला गाण्याचे त्राण उरले नाही अशा वृद्धाची खुर्ची, ही त्याची वेदी. तेथे तीच चाल करमणूक होऊ शकते आणि तीच प्रार्थनाही होऊ शकते. प्रापंचिक गाण्याचे स्तोत्र झाले, जलशांतील हात वेदीपाशी आले. सूर तेच राहिले, ते कोणास अर्पण केले एवढाच फरक पडला. ऐकणारानेही आपला वाटा उचलावा लागतो. ज्याने लहानपणी ते शब्द पाठ केले, मिस्सेत गाइले, प्रेताबरोबर चालताना म्हटले, त्यालाच मुक्या सुरांत ते ऐकू येतात. ज्याने कधी गाइलेच नाही, त्यास ती केवळ गोड चाल वाटेल.

म्हणून वाचकांस आमची नम्र विनंती, की मुलांस स्तुतिगीतांचे शब्द आधी शिकवावे, मग वाद्य शिकवावे. येत्या उपवासकाळात एखाद्या शुक्रवारी दिवा मंद करून घरातील सर्वांनी लिस्ट यांची क्रूसाची वाट ध्वनिमुद्रणावरून ऐकावी, आणि प्रत्येक स्थानी क्षणभर स्तब्ध राहावे. एक सूर हरवलेल्या पियानोवरही ज्याने देवाची स्तुती केली, त्या भक्ताच्या आत्म्यास प्रभू चिरशांती देवो, आणि आपल्या उणिवांसकट आपणा सर्वांचीही स्तुती मान्य करून घेवो.