पाखरं हाकणारं पोरगं खासदार झालं, ते पण थेट इंग्लंडच्या युवराजाच्या मतदारसंघातून

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? हिरवीगार कुरणं, दगडी घरं, एक जुनं चर्च आणि निवांत चरणाऱ्या मेंढ्या.

पण दीडशे वर्षांपूर्वी याच खेड्यांत शेतमजुराचं जगणं काय होतं हे बघायचं असेल, तर वॉरिकशर काउंटीतल्या बार्फर्ड या छोट्या गावात जावं लागेल. शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड तिथून जवळच आहे. याच बार्फर्डमध्ये 10 नोव्हेंबर 1826 ला जोसेफ आर्चचा जन्म झाला.

बाप मेंढपाळ. आई लिहिता-वाचता येणारी, तिनंच पोराला बायबल आणि शेक्सपिअर वाचायला शिकवलं.

या घराकडे एक गोष्ट होती, जी गावातल्या बाकी मजुरांकडे सहसा नसायची. राहतं घर स्वतःच्या मालकीचं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं हिच्यावरच उभं आहे.

जोसेफ सात वर्षांचा असताना एका रविवारी चर्चमधला प्रसादाचा विधी बघायचं त्याच्या मनात आलं. लहान पोरांना आत प्रवेश नव्हता, म्हणून तो दाराच्या कुलपाच्या भोकातून बघत बसला. आधी गावचा जमीनदार पुढे गेला. मग मोठे शेतकरी, मग दुकानदार, मग सुतार-लोहार. सगळ्यात शेवटी मजूर, तेही एकटे एकटे. आपला बाप देवाच्या दारात पण शेवटच्या रांगेत आहे, हे त्या पोरानं पाहिलं आणि ते आयुष्यभर विसरलं नाही.

त्या काळात इंग्लंडमध्ये कॉर्न लॉज नावाचे कायदे होते. बाहेरून येणाऱ्या धान्यावर कर लावायचा, म्हणजे देशातलं धान्य महाग राहतं, जमीनदार खूश आणि गरिबाची भाकरी लहान. हे कायदे राहावेत म्हणून एक अर्ज गावात फिरवण्यात आला. जोसेफच्या बापानं त्यावर सही केली नाही. शिक्षा काय, तर ऐन थंडीत 18 आठवडे काम नाही. आईनं लोकांचे कपडे धुऊन घर चालवलं.

नवव्या वर्षी जोसेफ कामाला लागला. काम होतं शेतातली पाखरं हाकायचं. दिवसाचे बारा तास, मजुरी चार पेन्स. बारा पेन्सचा एक शिलिंग होतो, म्हणजे तीन दिवस राबल्यावर एक शिलिंग. पुढे नांगरावर, मग घोड्यांच्या तबेल्यात.

मग त्यानं एक कसब हातात घेतलं, जिवंत कुंपण बांधायचं. झुडपांच्या खोडांना अर्धवट घाव घालून ती आडवी वाकवायची आणि एकमेकांत गुंतवायची. खोड मरता कामा नये आणि त्यातून मेंढरू निसटता कामा नये. दिसतं तितकं सोपं नाही. या कामाच्या स्पर्धा भरायच्या आणि त्यात जोसेफ इंग्लंडभरात चॅम्पियन ठरला. कामं कंत्राटानं मिळायला लागली, तो गावोगाव आणि थेट वेल्सपर्यंत फिरला. फिरता फिरता प्रिमिटिव्ह मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकार पण झाला. हजार माणसांसमोर आवाज कसा पोचवायचा, हे त्याला तिथंच जमलं.

बाकी मजुरांचं काय? त्यांचं घर शेतकऱ्याच्या मालकीचं. काम गेलं की छप्पर पण गेलं. संघटना वगैरे बोलायची कुणाची छाती व्हायची नाही. आर्चला मात्र कोणी घराबाहेर काढू शकत नव्हतं आणि एका मालकानं काम नाकारलं तर दुसरा होताच.

7 फेब्रुवारी 1872 ला सकाळी शेजारच्या वेल्सबर्न गावचे मजूर आर्चच्या दारात आले. आठवड्याला साधारण 12 शिलिंग मजुरी मिळते, त्यात पोरांचं पोट भरत नाही, आम्हाला संघटना काढून द्या असं त्यांचं म्हणणं होतं. आर्च तयार झाले. संध्याकाळी तीस-चाळीस माणसं जमतील असा अंदाज होता.

प्रत्यक्षात गर्दी शेकड्यांत मोजावी लागली. काहींच्या मते आकडा हजाराच्या पुढे होता. पबमध्ये एवढी माणसं मावणार कुठं? मग सभा बाहेर चेस्टनटच्या झाडाखाली भरली. अंधार पडलेला, लोकांनी काठ्यांना कंदील अडकवले. डुकरं कापायचा एक लाकडी घडवंचा आणला आणि त्यावर उभं राहून आर्च बोलले.

पुढच्याच महिन्यात 16 शिलिंगसाठी संप झाला. मालकांनी माणसांना घरांतून बाहेर काढलं, पण लंडनच्या पेपरांत बातम्या आल्या आणि मदतीचा ओघ सुरू झाला. मे 1872 मध्ये लेमिंग्टनला राष्ट्रीय शेतमजूर युनियन स्थापन झाली, अध्यक्ष जोसेफ आर्च. दोन वर्षांत सभासद 86 हजारांवर गेले. निळी फीत ही त्यांची खूण.

बायका पण मागे नव्हत्या. 1873 मध्ये ऑक्सफर्डशरमधल्या ॲस्कॉट गावात बाहेरून आणलेल्या बदली मजुरांना अडवलं म्हणून 16 बायकांना तुरुंगात टाकलं, काहींच्या कडेवर तान्ही पोरं होती. शिक्षा देणारे मॅजिस्ट्रेट दोघंही पाद्री होते. देशभर बोंब झाली.

पण मालकही गप्प बसले नाहीत. 1874 मध्ये सफोकच्या मजुरांनी एक शिलिंग वाढ मागितली. पूर्वेकडच्या काउंट्यांतल्या शेतकऱ्यांनी एकी करून युनियनच्या माणसांना कामावरूनच बंद केलं. महिनोन्‌महिने टाळेबंदी. युनियननं जवळपास 25 हजार पौंड मदतीत घातले, तिजोरी रिकामी झाली आणि शेवटी हार मानावी लागली. त्यानंतर युनियन पुन्हा तशी उभी राहिली नाही. अंतर्गत भांडणं, त्यात शेतीतली मंदी. आर्च यांचा हेकट स्वभावही याला कारणीभूत होता, हे नाकारता येत नाही. या काळात युनियनच्या मदतीनं हजारो कुटुंबं कॅनडा, ऑस्ट्रेलियाला निघून गेली. कॅनडाची पाहणी करायला आर्च 1873 मध्ये स्वतः जाऊन आले होते.

मजुरी वाढवणं जमलं नाही, तर मत तरी हवं. 1884 च्या कायद्यानं खेड्यातल्या मजुरांना मतदानाचा हक्क मिळाला आणि 1885 मध्ये आर्च लिबरल पक्षाकडून नॉर्थ वेस्ट नॉरफोकमधून निवडून आले. शेतमजुरांमधून आलेला हा पहिला खासदार.

गंमत बघा, सँड्रिंगहॅमचा राजवाडा याच मतदारसंघात येतो. म्हणजे युवराज एडवर्ड यांचे खासदार कोण, तर एकेकाळी चार पेन्सवर पाखरं हाकणारे आर्च. पुढे गरीब वृद्धांच्या प्रश्नावर नेमलेल्या रॉयल कमिशनवर दोघं एकत्र बसले. 1886 मध्ये आर्च अगदी थोडक्या मतांनी पडले, 1892 मध्ये परत आले आणि 1900 पर्यंत राहिले. संसदेत ते फारसे गाजले नाहीत. झाडाखाली पेटणारा माणूस त्या सभागृहात काहीसा हरवून गेला.

खेड्यातलं खरं राजकारण मात्र दुसरीकडे बदलत होतं. तोवर गावचा कारभार जमीनदार, पाद्री आणि मॅजिस्ट्रेट यांच्या हातात असायचा. 1888 च्या कायद्यानं निवडून आलेल्या काउंटी कौन्सिल आल्या आणि आर्च वॉरिकशरच्या कौन्सिलवर निवडून गेले. मग 1894 चा कायदा आला. 300 पेक्षा जास्त वस्तीच्या गावाला स्वतःची पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी, आणि त्यावर रूरल डिस्ट्रिक्ट कौन्सिल. बायकांना पण मत देता येणार आणि उभं राहता येणार. मजुरांना भाजीपाला पिकवायला जमिनीचे तुकडे भाड्यानं मिळवून द्यायचे अधिकार कौन्सिलला मिळाले. डिसेंबर 1894 च्या पहिल्या निवडणुकीत बऱ्याच गावांत मजूर आणि जमीनदार एकाच टेबलाभोवती बसले.

युनियन मात्र 1896 मध्ये बंद पडली.

1974 मध्ये रूरल डिस्ट्रिक्ट कौन्सिल मोडीत निघाल्या आणि मोठे डिस्ट्रिक्ट तयार झाले. वेल्सबर्न स्ट्रॅटफर्ड-ऑन-एव्हन डिस्ट्रिक्टमध्ये गेलं, बार्फर्ड वॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये. पॅरिश कौन्सिल मात्र टिकल्या.

आर्च संसदेतून निवृत्त होऊन बार्फर्डला परतले. 12 फेब्रुवारी 1919 ला, वयाच्या 92 व्या वर्षी त्यांचं निधन झालं, ज्या घरात जन्मले त्याच घरात.